गडग्यावरचा माड

भाऊंनी पहिला खिळा ठोकला तो समुद्राकडच्या दाराला.

"वादळ समुद्रातून येतं," फळीवर पंजा दाबून ते म्हणाले, "म्हणजे समुद्राकडूनच येणार. ह्यात हवामान खात्याला विचारायचं काय?"

भाऊ म्हणजे माझे सासरे, दत्ताराम तोडणकर. आपल्याला विचारल्याशिवाय आमच्या आडबाग गावात पाऊससुद्धा पडत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. खेकडे बिळातून किती वर आले, कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं, आणि स्वतःचा डावा गुडघा, एवढ्या सामग्रीवर ते अख्ख्या मोसमाचं भाकीत करायचे. चुकलं तर चूक कावळ्याची.

मी त्यांना खिळे देत होते. एका हातात खिळ्यांचा डबा, कडेवर जुई. ती तेव्हा आठ महिन्यांची होती. खालचे दोन दात नुकते आलेले, आणि त्या दोन दातांच्या जोरावर घरातली प्रत्येक वस्तू, भाऊंच्या कॉलरीसकट, चावून बघायचा तिचा कार्यक्रम सुरू होता.

अंगणातून निर्मलाताईंची हाक आली. निर्मलाताई म्हणजे गावच्या आशा कार्यकर्त्या. उन्हात तांबडीलाल झालेली बाई, हातात सूचनापत्रकांचा गठ्ठा.

"भाऊ, उद्या दुपारी वादळ किनाऱ्याला लागतंय. सकाळी आठला टेंपो येईल. हायस्कुलात सगळी सोय केल्ये. पक्की इमारत आहे. ह्या बाळाला तरी घेऊन चला."

भाऊंनी हातोडा खाली ठेवला. "बाळू जातोय?"

बाळूकाका म्हणजे भाऊंचे चुलतभाऊ आणि शेजारी. मध्ये फक्त दगडांचा गडगा, कमरेएवढा.

"ते म्हणाले, भाऊ गेले तर जातो."

"मग त्याला सांग, बाळू गेला तर भाऊ जातो."

निर्मलाताई गडग्याला वळसा घालून पलीकडे गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी पत्रक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "तू वाच गो बाय. ह्या दोघांना ब्रह्मदेव आला तरी हलवणार नाही, मी तर मानधनावर आहे."

दोघे का हलत नव्हते हे मला लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी कळलं नसतं, तर मी डोळे मिटून संसार केला असं म्हणावं लागलं असतं. कारण होतं गडग्यालगतचा माड.

एकतीस वर्षांपूर्वी दोघा चुलतभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा हा माड निघाला तिढ्याचा. मूळ बाळूकाकांच्या जमिनीत, शेंडा वाकून आमच्या अंगणावर. पंच बसले, चहा प्याले आणि निवाडा दिला: खोड बाळूचं, नारळ मात्र ज्याच्या हद्दीत पडेल त्याचा. झाडावर कुणी चढायचं नाही. तेव्हापासून त्या माडाचा नारळ कधी कुणी पाडला नाही. तो पडायची वाट बघितली. 'धप्प' असा आवाज झाला की दोन्ही घरांतून माणसं धावत. भाऊ एकदा ताटावरून उठून उघड्या अंगानं धावले होते. बाळूकाका तर मुलीच्या साखरपुड्यातून उठून आले होते, व्याह्यांच्या हातात पेढा तसाच ठेवून. दोन्ही वाड्यांत मिळून माड साडेतीनशे. भांडण एका माडाचं.

आता वादळ येणार. म्हणजे त्या माडाचे सगळेच्या सगळे नारळ एका दुपारी खाली येणार. आणि अशा वेळी हायस्कुलात सतरंजीवर बसायचं? बाळूला मोकळं रान देऊन?

सासूबाईंकडे बघत मी धीर करून विचारलं, "भाऊ, मी आणि आई जुईला घेऊन जाऊ का?"

"तू लातूरची ना?" भाऊ हसले. "जिथं पाणी आगगाडीनं येतं तिथली माणसं आम्हाला समुद्र शिकवणार? अगो, आमच्या पाच पिढ्या ह्या वाळूत वाढल्या. तोडणकरांची सून वाऱ्याला घाबरून शाळेत निजायला गेली, हे गाव मला मरेस्तोवर ऐकवील."

संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. संदेश पनवेलला बँकेत होता, सुट्टी मिळाली नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ म्हणतील तसं कर. त्यांना अनुभव आहे." पनवेलहून बोलायला हे सोपंच होतं.

दुसऱ्या दिवशी आठला टेंपो येऊन हॉर्न वाजवून गेला. गल्लीतली अर्धी घरं गेली. आम्ही राहिलो, म्हणून पलीकडे बाळूकाका आणि शेवंतीकाकू राहिल्या. भाऊ समुद्राकडच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले. अख्खं दार फळ्यांनी मढवलेलं. पाहुणा येणार म्हणून बसावं तसे बसले होते.

आणि पाहुणा मागच्या दारानं आला.

दहा वाजता स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. डोंगराकडून वारा घुसला तो थेट चुलीपर्यंत. शिंकाळं फिरायला लागलं, भांडी फडताळातून उड्या टाकायला लागली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारावर पाठ टेकून ओरडल्या, "अहो, इकडे या! इकडून आलंय!"

भाऊ खुर्चीतून उठले. दोन्ही दारांकडे आलटून पालटून बघितलं. चेहरा असा, की पाहुण्यानं अपमान केला. "हे वाट चुकलंय," ते म्हणाले.

मग सुरू झाली आमची धावपळ. भर वाऱ्यात भाऊंनी समुद्राकडच्या दाराच्या फळ्या पहारीनं उचकटल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला ठोकल्या. घरात तेवढ्याच फळ्या होत्या. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. वाडीतल्या पोफळी अशा मोडत होत्या, की कुणीतरी रांगेनं काड्या मोडतंय. मी जुईला घेऊन माजघरात बसले, कारण त्या खोलीची एकही भिंत बाहेरची नाही. ती घाबरून प्यायला लागली, मी घाबरून पाजायला लागले, आणि मांडीवर निर्मलाताईंचं पत्रक होतं, ते वाचत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अकरा सूचना होत्या. नववी मी दोनदा वाचली आणि मग मोठ्यानं वाचून दाखवली.

"भाऊ, ऐका. 'वारा अचानक थांबला तर वादळ संपले असे समजू नये. वादळाचा मध्य डोक्यावरून जात असतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने पुन्हा येतो. बाहेर पडू नये.'"

"वाऱ्याला मध्य?" भिजलेलं डोकं पंच्यानं पुसत भाऊ म्हणाले. "मध्ये भोक असायला तो काय मेदूवडा आहे?"

आई हसल्या. खरं सांगते, मीही हसले.

एक वाजून वीस मिनिटांनी वारा थांबला.

कमी झाला नाही, थांबला. कुणी नळ बंद करावा तसा. कानात नुसता 'सूंऽ' उरला. छपरातल्या भोकांतून पांढरा उजेड खाली पडला, आणि उकाडा तर असा, की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलंय. जुईचा डोळा लागला होता. तिला गोधडीवर टाकून मी स्वयंपाकघरात गेले. तिथं घोट्याएवढं पाणी होतं, आणि तांदळाचं पिंप त्यात उभं. आईंनी आणि मी ते पिंप ढकलत कोरड्यात आणलं. फार तर पाच मिनिटं गेली असतील. परत आले तर गोधडी रिकामी.

समुद्राकडचं दार सताड उघडं होतं. बाहेर सगळा गाव गोळा झाल्यासारखा आवाज येत होता.

अंगणात पाहते तर भाऊ गडग्यापाशी उभे, आणि जुई त्यांच्या खांद्यावर, जागी. समोर गडग्याच्या पलीकडे बाळूकाका. पलीकडच्या वाडीत शेवंतीकाकू पदरात पडके आंबे गोळा करत होत्या. माझ्या मागून आईही बाहेर आल्या, आंबे दिसले, आणि त्यांनीही पदर पसरला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर जत्रेची कळा.

आणि तो माड पडला होता. ज्याच्या हद्दीत पडेल त्याचा, हा एकतीस वर्षांचा निवाडा. वादळानं माड नेमका गडग्यावर पाडला होता. लांबीनं, दगडांच्या माथ्यावर, अगदी ओळंबा लावून ठेवल्यासारखा. शेंड्याला नारळांची एक पेंड, म्हणजे अख्खा घड, अजून घट्ट होती, सात नारळांची, ती बरोबर गडग्याच्या मधोमध.

"खोड माझं, म्हणजे पेंड माझी," बाळूकाका म्हणत होते.

"पंच काय म्हणाले होते? पडेल त्याचा! बघ, चार नारळ इकडे झुकलेत."

"झुकलेत! पडलेत का? झुकण्यावर मालकी लागत नाही, भाऊ!"

"भाऊ!" मी ओरडले. "आत चला. हा मध्य आहे. अजून उरलंय वादळ."

"गेलं ते डोंगरात," भाऊंनी मागे न बघता सांगितलं. "वर बघ."

मी वर बघितलं. वाडीतल्या उरल्यासुरल्या माडांवर समुद्रपक्षी येऊन बसले होते. शेकड्यांनी. एरवी किनाऱ्यापासून कोसभर लांब असणारे पक्षी, पंख लोंबवून, माणसांची भीती विसरून बसलेले. एक तर आमच्या तुळशीपाशी जमिनीवर बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

"पक्ष्यांना कळतं," भाऊ म्हणाले. "शांत झालं म्हणून आले."

मला मात्र ते शांत झाले म्हणून आलेले वाटले नाहीत. ते भोवऱ्यात सापडून इथं फेकले गेलेले वाटले. आपल्यासारखेच.

"जुईला द्या माझ्याकडे."

"राहू दे. आत उकडतंय, पोर घामेजली होती. बघ कशी हसत्ये."

जुई खरंच हसत होती. भाऊंची कॉलर चावत, त्या पांढऱ्या उजेडात डोळे बारीक करून. मी हात पुढे केला. भाऊंनी खांदा फिरवला. पुन्हा केला, त्यांनी पुन्हा फिरवला. सासऱ्याच्या हातातून मूल हिसकायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हिसकून मिळेल इतकी ती सैल धरलेलीही नव्हती.

"आई, तुम्ही तरी सांगा!"

"दोन मिनिटं गो," आंब्यांनी भरलेला पदर सावरत आई म्हणाल्या. "ते ऐकतात का कुणाचं?"

तेवढ्यात मला समुद्र ऐकू आला. वाडीपलीकडून लांबून मोठ्ठा ट्रक चढावर यावा तसा घरघराट. पश्चिमेला आभाळाची एक भिंतच उभी होती, तव्याच्या बुडासारखी काळी. आमच्या घराचं त्या बाजूचं दार उघडं होतं, फळ्या स्वयंपाकघराला ठोकलेल्या होत्या, आणि माझं बाळ गडग्यापाशी होतं. गडग्याच्या वरच बाळूकाकांचा जुना आंबा. मुळं अर्धी उघडी पडलेला, कलंडून उभा.

मी म्हटलं, "भाऊ, समुद्र ऐका."

"ऐकतोय पन्नास वर्षं. बाळू, तू पेंडीला हात लावायचा नाहीस!"

"तू लावून दाखव!"

तेव्हा मला कळलं, की ह्या माणसांना मरणाची भीती घालून उपयोग नाही. मरणाशी त्यांचं काही भांडण नव्हतं. भांडण एकमेकांशी होतं.

भाऊंचा कोयता गडग्यावर पडला होता. मी तो उचलला. दोन घावांत देठ तोडला. लातूरच्या मुलीला कोयता येतो, ऊस काय हातानं मोडतात? कोयता मुठीत तसाच धरून पेंड दोन्ही हातांनी ओढली, जुईहून जड भरली, आणि मी घराकडे धावत सुटले.

मागून दोन म्हातारे एका सुरात ओरडले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं.

"अगो ए! पेंड कुठं नेतेस?"

"भाऊ, तुझ्या सुनेनं चोरली! तूच शिकवलंस! शेवंते, धाव गो, पेंड नेली!"

"मी कशाला शिकवू? थांब! अजून निवाडा व्हायचाय!"

मी थांबले नाही. पायऱ्या चढले, पडवी ओलांडली, ओटीवरून माजघरात गेले. पेंड कोपऱ्यात टाकली आणि वळले. भाऊ पुढे, जुईला छातीशी आवळून धापा टाकत. त्यांच्यामागे गडगा ओलांडून आलेले बाळूकाका. एकतीस वर्षांत त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या मागे शेवंतीकाकू, 'अहो, कोयता आहे तिच्या हातात!' असं ओरडत, पदरातले आंबे सांडत. आणि शेवटी आई, कारण सगळे आत आल्यावर एकट्यानं बाहेर काय करायचं.

"दार!" मी ओरडले. "दार लावा!"

"आधी पेंड..."

वारा आला. ह्या खेपेला समुद्राकडून.

दार बाळूकाकांच्या पाठीवर आदळलं आणि ते भाऊंवर. मी झेप घालून भाऊंच्या हातातून जुईला घेतलं. ह्या वेळी त्यांनी खांदा फिरवला नाही. त्यांची बोटं तिच्या झबल्यात अडकली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली. मग दोघे म्हातारे दाराला खांदा लावून उभे राहिले. आईंनी आणि शेवंतीकाकूंनी तांदळाचं पिंप दारामागं लोटलं, वर जातं ठेवलं. मी माजघरात भिंतीला टेकून जुईवर वाकून बसले. बाहेरून एक आवाज आला. ओला, लांबट, काहीतरी मुळासकट निघतानाचा. आणि त्यामागोमाग जमीन हादरली.

"आंबा," बाळूकाका म्हणाले.

मग दाराला टेकलेल्या भाऊंचा आवाज आला, दबका, पण पक्का: "तरी चार नारळ इकडेच झुकले होते."

"तीन," बाळूकाका म्हणाले.

वादळ संध्याकाळी पाचला सरलं. पडवीचं छप्पर नव्हतं. वाडीत उभं म्हणावं असं फारसं काही राहिलं नव्हतं. आंबा पडला होता तो गडग्यावर, आणि जिथं भाऊ उभे होते तिथं त्याचं मधलं खोड होतं, माझ्या कमरेपेक्षा जाड. त्याच्या खाली तो माड चिरडून गेला होता. मी जुईला घेऊन तिथवर गेले. तिनं हात लांब करून ओल्या खोडावर थापटी मारली आणि माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. मी चहा देत होते, तेव्हा भाऊ त्यांना सांगत होते, "पक्षी खाली बसले ना, तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, हा मध्य आहे. सगळ्यांना आत घेतलं. अनुभव लागतो."

"आणि तुमची सून काय करत होती?" एकानं सहज विचारलं.

"ती? ती घाबरून नारळ घेऊन पळाली," भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. बाळूकाका सगळ्यात जोरात. दोघांची त्या दिवसापासून दोस्ती जमली, कारण दोघांना सांगायला एकच गोष्ट मिळाली होती. आडबागेत माझं नाव पडलं, पेंडवाली. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "काय गो पेंडवाली, आमच्या घरचे नारळ मोजून ठेवू का?" संदेश फोनवर पोट धरून हसला. "भाऊ सांगत होते. तू खरंच नारळ चोरलास?"

मी म्हटलं, "हो." जुई माझ्या मांडीवर बसून फोनची वायर चावत होती. तिचे दात आता चार झाले होते. मला आणखी काही सांगायची गरज वाटली नाही.

जुई आता सात वर्षांची आहे. तिलाही आजोबा ती गोष्ट सांगतात. तिच्यात पक्षी आहेत, अनुभव आहे, आणि घाबरट आई आहे. जुईला ती गोष्ट फार आवडते. पण मला जे सांगायचं आहे ते पुढच्या वर्षीचं. ते भाऊ कुणालाच सांगत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा इशारा आला. निर्मलाताई पुन्हा पत्रकं घेऊन आल्या, पुन्हा टेंपो, पुन्हा हायस्कूल. भाऊंनी खेकड्यांची बिळं बघितली, गुडघा चोळला आणि सांगितलं, "ह्या खेपेला बाहेरून जाणार. काही होत नाही." बाळूकाका गडग्यावर बसले होते, त्यांनी मान डोलावली. दोघांचं आता सगळ्यातच एकमत व्हायचं, त्यामुळे काम अजूनच कठीण झालं होतं.

मी काही विचारलं नाही. आत गेले, जुईची दोन झबली, दुधाची बाटली आणि गोधडी पिशवीत भरली. तिला कडेवर घेतलं, चपला घातल्या आणि अंगण ओलांडलं.

"कुठं निघालीस?" भाऊंनी विचारलं.

"हायस्कुलात."

"टेंपो आठला आहे!"

"चालत जाते."

"अगो, लोक काय म्हणतील?"

"पेंडवाली म्हणतात. अजून काय म्हणणार?"

रस्ता लागला. जुई माझ्या खांद्यावरून मागं बघत होती, आणि थोड्या वेळानं हात हलवायला लागली. आधी एका चपलेचा आवाज आला, तो आईंचा, त्या पाय ओढत चालतात. मग शेवंतीकाकूंच्या बांगड्या. मग आणखी पावलं. नाक्यावर येईपर्यंत गल्लीतली सात-आठ घरं मागं असावीत. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर भाऊंना आपण दुकानात तपकीर आणायला निघालोय असं दाखवावं लागलं असतं, आणि ते खरंच दुकानात गेले असते.

मागून त्यांचा आवाज येत होता, गल्लीभर ऐकू जाईल असा: "मीच म्हटलं तिला, तू पुढं हो. लहान मूल आहे, पुढं हो."

बाळूकाका म्हणाले, "मीपण म्हटलं."

जुईनं माझी कॉलर चावली. मी पुढं होते.